बिल्ला फोर बाय फोरचा, मागे शाफ्टच नाही

हिवाळा तोंडावर आला की ‘बर्फासाठी तयार’ म्हणून जुन्या एसयूव्ही विकायला निघतात. त्यातली सगळ्यांत सोपी लबाडी मागच्या दारावरच्या बिल्ल्याची. अनेक मॉडेल दोन प्रकारांत येतात, एकात फक्त पुढची चाकं ओढतात, दुसऱ्यात चारही. बाहेरून फरक जवळजवळ दिसत नाही आणि बिल्ला सुटा विकत मिळतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायची. मागच्या एक्सलवर डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) हवा, पुढून तिथपर्यंत ताकद नेणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट हवा.

याहून हुशार प्रकार म्हणजे डिफरन्शियल जागेवर, पण शाफ्ट काढलेला. मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी ट्रान्सफर केस किंवा ती जोडणारं-सोडणारं कपलिंग आवाज करू लागतं, दुरुस्ती महाग पडते, मग शाफ्टच सोडून टाकतात. गाडी पुढच्या चाकांवर बिनआवाजाची पळते आणि घेणारा खूश! डिफरन्शियलच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, बोल्टची रिकामी भोकं दिसली तर समजून जा. कपलिंग बिघडण्यामागे बहुधा टायर असतात. दोन नवे, दोन झिजलेले असले की चाकांचा घेर वेगवेगळा होतो आणि कपलिंग सतत घसरत तापतं. चारही टायरांच्या खाचांची खोली मोजा.

तसं पाहिलं तर चारही चाकं ओढणारी गाडी बर्फात सुटते चांगली, थांबते मात्र टायरांच्याच जोरावर. इथेही हातचलाखी चालते. ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) एवढंच लिहिलेला टायर विंटर टायर म्हणून गळ्यात मारतात. ते अक्षर कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा, ते चाचणीनंतरच मिळतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष: ३८१९ म्हणजे २०१९चा ३८वा आठवडा. नव्या विंटर टायरच्या खाचांची खोली साधारण ८ मिमी असते, ४ मिमीच्या खाली तो बर्फात कामाचा राहत नाही. काळं पॉलिश चोपडलेलं असेल तर पुसून बाजूच्या भेगा बघा.

गाडीच्या तळाला दिलेला ताजा काळा थर हाही संशयाचाच. रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेला पत्रा त्याखाली लपतो. सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा खालचा सांगाडा), स्प्रिंगच्या बैठका आणि ब्रेकचे पाइप स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले की सौदा तिथेच सोडा.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर इंजिन मुद्दाम तापवून ठेवलेलं असू शकतं. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि डिझेलचे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) गेले असतील तर ते थंड इंजिनावरच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी चालू न करता, तुमच्यासमोर स्टार्ट करायला सांगा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने) तपासा. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. गळती लपवायला नुसतं पाणी ओतत राहिलेलं असलं तर गोठून ब्लॉक फुटू शकतो.

इग्निशन दिल्यावर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडली असावी.