तुऱ्याचे हजार रुपये जास्त

तुरेवाल्या बदकांच्या जोडीचे ५,५०० रुपये. मादीचा तुरा मोठा म्हणून वर १,०००. क्रेट आणि ट्रॅव्हल्सवाल्याचे ६००. पुढे 'टॉनिक'चे १,८०० आणि पिल्लं परत घ्यायच्या नोंदणीचे ४,०००. एकूण १२,९०० रुपये गेले. यातले बाकीचे कदाचित विसरेन, पण तो तुऱ्याचा वरचा हजार काही विसरता येत नाही.

मी चिपळूणजवळचा. घरामागे वहाळ, परसात दहा-बारा गावठी कोंबड्या. आधी खाकी कॅम्पबेल बदकंही पाळली होती, ती मुंगसाने संपवली. म्हणजे पक्षी कशाशी खातात हे माहीत नसलेला माणूस मी नाही. तरी फसलो.

दिवाळीनंतर एके रात्री मोबाइलवर व्हिडिओ आला. पांढरीशुभ्र बदकं, डोक्यावर कापसाच्या बोळ्यासारखा गोंडा, निळ्या टाकीत संथ पोहताहेत, मागे बासरी. खाली नंबर. मुलगी म्हणाली, "बाबा, यांनी टोपी घातलीय!" झालं. दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडचा पोरगा घाटावरचा, बोलायला साखर. पहिल्या फोनपासून 'दादा'. ही हॉलंडची रॉयल जात आहे, राजेरजवाड्यांच्या तलावातली, तुरा जेवढा मोठा तेवढं रक्त शुद्ध, असं त्याने सांगितलं. यातलं थोडं खरंही आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत तुरेवाली बदकं दिसतात आणि अमेरिकेच्या कुक्कुट मानकांत पांढरं तुरेवालं बदक १८७४ पासून आहे. खोटं खपवायचं तर त्यात मूठभर खरं मिसळावं लागतं, हे त्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. 'तुरा मोठा तेवढं रक्त शुद्ध' हे मात्र निव्वळ त्याच्या पदरचं.

मग मुख्य आमिष. "दादा, नर-मादी दोघं तुरेवाले, म्हणजे सगळी पिल्लं तुरेवाली. गॅरंटी. दोन महिन्यांची झाली की जोडीला अडीच हजारांनी मीच परत घेतो."

परत घेतो हे दोन शब्द ऐकल्यावर खरं तर फोन ठेवायला हवा होता. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचं जे प्रकरण झालं त्यात माझा मेव्हणा अडकला होता. अंडी, पिल्लं सगळं कंपनी उचलणार म्हणून त्याने शेड बांधलं आणि शेवटी कोंबड्यांना खाद्य घालायला पैसे उरले नाहीत. तेव्हा त्याला मी जेवणाच्या ताटावर अर्धा तास शहाणपण शिकवलं होतं. मेव्हण्याला हे प्रकरण मी अजून सांगितलेलं नाही.

पहाटे पाचला बहादूरशेख नाक्यावर ट्रॅव्हल्स थांबली. क्लीनरने डिकीतून आंब्याचा क्रेट काढून हातात दिला. आत दोन पांढरे जीव घाणीने माखलेले. नराच्या डोक्यावर जेमतेम शेंडी, मादीच्या डोक्यावर लिंबाएवढा गोंडा. घरी आणल्यावर आईने बघताक्षणी बारसं केलं, "ही आंबाडावाली." तेच नाव राहिलं.

चार दिवस बरे गेले. मादी चालताना मान किंचित एका बाजूला घेते, हे मला दिसत होतं. पण ते मी तिच्या रुबाबात धरलं. पाचव्या दिवशी सकाळी आईची हाक आली. बघतो तर आंबाडावाली उताणी पडलेली, पाय हवेत पाणी मारल्यासारखे चालताहेत, मान मागे ओढली गेलीय. मिनिटभर तसंच. उचलून सरळ ठेवली तर थोडा वेळ दारुड्यासारखी झोकांड्या खात होती, मग जणू काही झालंच नाही अशी दाणे टिपायला लागली.

फोन केला. "दादा, प्रवासाचा शीण." आठवड्याने पुन्हा तेच. "मान लचकली असेल, साहेब." तिसऱ्यांदा, "तुमच्याकडची हवा दमट ना. आपलं टॉनिक आहे, नसांची ताकद वाढवतं." १,८०० रुपयांना दोन बाटल्या आल्या, लेबल खरवडून काढलेलं. वास गुळाच्या पाण्याचा. 'दादा'चा 'साहेब' झाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेवटच्या फोनात मी 'ओ काका' झालो होतो.

मध्यंतरी मादी अंडी घालू लागली होती, म्हणून माझा उत्साह टिकून होता. नोंदणीचे ४,००० याच काळात गेले. एक कोंबडी खुडूक झालेली होती, तिच्याखाली १२ अंडी ठेवली. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकांना २८ लागतात. पण ती बिचारी चिवटपणे बसून राहिली. दहाव्या दिवशी बॅटरी लावून पाहिली तर २ अंडी फळलेली नव्हती. उरलेल्या १० पैकी ६ पिल्लं निघाली. ४ आतच मेली. निघालेल्या सहांत चौघांना तुरा, दोघांची डोकी साधी, गुळगुळीत. तुरेवाल्यांतलं एक तिसऱ्या दिवशी गेलं. मेलेल्यांतलं एक अंडं मी फोडून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, फक्त डोक्यावर कवटी मिटलेलीच नव्हती.

तेव्हा कुठे मादीला टोपलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. आईही हट्टाने आली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी बदकाला टेबलावर हळूच उताणं ठेवलं आणि हात काढून घेतले. धडधाकट बदक क्षणात उलटून उभं राहतं. आमचं पाय झाडत राहिलं. मग त्यांनी तुऱ्याची पिसं दोन बोटांनी बाजूला केली, त्वचेवर बोट टेकवलं आणि मला म्हणाल्या, "इथे दाबू नका, नुसता हात लावा."

गोंड्याखाली एक मऊ गाठ होती. तिच्या कडेने हाड लागत होतं आणि मध्ये हाडच नव्हतं. आईनेही बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "अगो बाय," ती मॅडमना म्हणाली, "हिची टाळूच भरली नाय गो!"

माझ्या दोन्ही पोरांच्या टाळूवर तेल थापलेल्या बाईचं निदान होतं ते, आणि मॅडमनी मान डोलावली. बाळाची टाळू भरून येते, हिची कधीच येणार नाही. त्यांनी समजावलं ते असं. तुरा म्हणजे नुसती पिसं नव्हेत. अंड्यात कवटी तयार होताना वरच्या बाजूला फट राहते, तिथे चरबीची गादी तयार होते आणि त्या गादीवर ही पिसं उभी राहतात. बऱ्याच बदकांत चरबीचा गोळा कवटीच्या आतही असतो आणि मेंदूला दाबतो. म्हणून तोल जाणं, मान थरथरणं, झटके. जर्मनीत यावर बराच अभ्यास झालेला आहे. सगळीच तुरेवाली बदकं आजारी पडतात असं नाही, काही वर्षानुवर्षं ठीक जगतात. पण बाहेरून बघून आत काय आहे ते सांगता येत नाही.

म्हणजे मी ज्या गोष्टीचे हजार रुपये जास्त मोजले, तीच तिची व्याधी होती.

'सगळी पिल्लं तुरेवाली' या गॅरंटीचा हिशेबही मॅडमनी कागदाच्या कपट्यावर मांडला. तुऱ्याचा दोष आई किंवा बाप एकाकडून आला तर तुरा येतो. दोघांकडून आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. त्यामुळे जगणारं प्रत्येक तुरेवालं बदक एकेरी दोषाचं. अशी दोन एकत्र आणली तर सरासरी चारातलं एक अंड्यात मरणार, दोघांना तुरा, एक साधं. शंभर टक्के तुरेवाली पिल्लं देणारी जोडी या जगात असूच शकत नाही. जाणकार पाळणारे तुरेवाल्याला मुद्दाम साध्या डोक्याचा जोडीदार देतात. त्यातही निम्मीच पिल्लं तुरेवाली होतात, पण ती दुहेरी दोषाची मरणं टळतात. मला दोन्ही तुरेवाली विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. इतकी अंडी उबवलेला माणूस चौथं अंडं का मरतं हे एकदा तरी विचारतोच.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. पिल्लं ठरल्याप्रमाणे परत घे म्हटलं. त्यावर, "ओ काका, दोन साधी निघाली म्हणजे तुमच्या तिथल्या गावठी बदकाची भेसळ झालीय." अरे, आमच्या अख्ख्या वाडीत दुसरं बदक नाही! मग, "पाय वाकडे झाले असतील तर खाद्यात खोट." आणि शेवटी ते वाक्य, "जिवंत मालाची गॅरंटी नसते." त्यानंतर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण ते पैसे गेल्या गेल्या, तासाभरात कळवायला हवं होतं. मी तीन महिने टॉनिक पाजत बसलो होतो.

खाद्याचं त्याने सांगितलं त्यातही कणभर तथ्य आहे, आणि विकणारे त्याच्याच आड लपतात, म्हणून ते नीट समजून घ्या. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. नुसतं कोंबडीचं स्टार्टर दिलं तर ते कमी पडू शकतं आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. पण ते दुखणं पायांचं, वाढत्या पिल्लांचं, आणि वेळीच नायसिन दिलं तर सुधारणारं. मोठं बदक उताणं पडून मान मागे ओढतंय आणि कुणी खाद्याला दोष देतंय, तर तो तुम्हाला बनवतोय. बुरशी लागलेला मका हे मात्र बदकाला खरंच विष. पावसाळ्यात आमच्याकडे पोतं चार दिवसांत वास मारतं, तसलं खाद्य सरळ टाकून द्या.

मी आज पुन्हा तो व्हिडिओ बघतो तेव्हा एकच गोष्ट दिसते. बदकं सगळीकडे पाण्यात आहेत नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर. जमिनीवर चालताना कुठेच नाहीत. पाण्यात तोल लपतो. तेव्हा घ्यायचंच असेल तर चालतानाचा, मधे न तोडलेला व्हिडिओ मागा, समोरून आणि पाठीमागूनही. शक्यतो स्वतः जा. आई-बाप दाखव म्हणा. नर साध्या डोक्याचा का नाही ते विचारा. तुऱ्याखाली हलकेच बोट लावून बघा, आणि विकणारा तिथे हात लावू देत नसेल तर रिकाम्या हाताने परत या.

आणि घेऊन बसला असाल, माझ्यासारखे, तर चार कामं वाढतात. बदकाला नाकपुड्या आणि डोळे बुडवता येतील एवढं पाणी लागतंच, नाहीतर डोळे चिकटतात. पण झटके येणारं बदक खोल पाण्यात उलटलं तर बुडून मरतं. आम्ही पसरट घमेलं ठेवतो, त्यात विटेचा तुकडा. पोहणं फक्त कुणीतरी समोर उभं असताना. नर मादीवर चढताना मानेमागची पिसं चोचीत धरतो. इथे हाताशी तुरा असल्याने तोच धरतो आणि खाली कवच नाही. आमच्या नराने एकदा रक्त काढलं, पावसात अशा जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. तेव्हापासून तो वेगळा. खुराड्यात भाताचं तूस जाड पसरलंय आणि धडकतील असे कोपरे पोत्याने मढवलेत. अंडी आता उबवत नाही, ऑम्लेटला जातात. उरलेल्या पिल्लांपैकी साधी दोन वहाळावर सगळ्यांत पुढे असतात.

आंबाडावाली आहे अजून. महिन्यातून दोन-तीनदा पडते. रात्री खुराड्यात फडफड झाली की माझ्याआधी आई उठते, बॅटरी घेऊन जाते आणि तिला सरळ करून येते.

शिमग्याला मुंबईहून आलेल्यांची एक गाडी रस्त्यावर थांबली. चष्मेवाला गृहस्थ फाटकातून आत आला. "काकी, हे डोक्यावर फूल असलेलं केवढ्याला देता?" मी काही बोलायच्या आत आईने आंबाडावालीला उचलून काखेत घेतलं, त्याचा हात धरला आणि तुऱ्यातून त्याचं बोट आत नेलं.

"हळू," ती म्हणाली. "टाळू हाय ती."

त्याने हात झटकन मागे घेतला आणि रुमालाने बोट पुसत राहिला.