डिंगबोचेचं ‘फुकट’ हेलिकॉप्टर

आम्ही अगदीच नवखे नव्हतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, सगळं पायाखाली घातलेलं. पण कळसूबाई १,६४६ मीटर, आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा पहिलाच मुक्काम, फाकडिंग, २,६१० मीटरवर. सह्याद्रीतला दम वेगळा आणि विरळ हवेतला वेगळा, हे आम्ही फक्त ऐकून होतो.

चौघं होतो. एक बँकेत, म्हणून त्याला बँकवाला म्हणू. एक शाळामास्तर, एक मैत्रीण आणि मी. काठमांडूतल्या थमेलमधल्या एका कंपनीशी व्हॉट्सॲपवर ठरलं. माणशी ४२ हजार, ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुकलापर्यंतचं विमान धरून. बाकीचे याच्या दीडपट सांगत होते, त्यामुळे बँकवाला महिनाभर कॉलर ताठ करून हिंडला. कंपनीने परमिटचे फोटो मागायच्या आधी आमच्या विमा पॉलिसीचे फोटो मागितले. हेलिकॉप्टरचं कव्हर आहे ना, हे दोनदा विचारलं. काय काळजी घेतात, असं आम्ही आपसात बोललो.

कार्यक्रम दहा दिवसांचा. सुट्टी कमी पडत होती, तेव्हा आम्हालाही तो पटला. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामी थांबावं, असा साधा नियम आहे. म्हणूनच बहुतेक लोक नामचेला दोन रात्री काढतात. आम्ही २,६१० वरून थेट ३,४४० च्या नामचेला, दुसऱ्या दिवशी तेंगबोचे ३,८६०, आणि चौथ्या रात्री डिंगबोचे, ४,४१०. मधे एकही विश्रांती नाही. ही आखणी अडाणीपणातून झाली की मुद्दाम, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण अशा वेळापत्रकात चारातल्या एकाचं डोकं दुखणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बँकवाल्याचं दुखलं. मळमळ, जेवण नको. गाईडने ऑक्सिमीटर काढून त्याच्या बोटाला लावला आणि आमच्यासमोर धरला. ८१.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ९४ च्या खाली आकडा गेला की आपण बेड शोधत पळत होतो. मास्तरचे वडील त्यातच गेलेले. ८१ बघून मास्तर पांढराफटक पडला. एवढ्या उंचीवर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही येतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. गाईडला ते ठाऊक नसणं शक्यच नाही. आयुष्य त्याच वाटेवर गेलेलं. “सर, रिस्क मत लो. रात में कुछ हो गया तो?” फेरिचेला दवाखाना आहे ना, असं मैत्रिणीने विचारलं, तर “बंद है” म्हणाला. फेरिचे डिंगबोचेहून टेकाडापलीकडे, फार तर तासाभरावर. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे आणि ट्रेकच्या मोसमात डॉक्टर असतात. आम्ही गेलो तो ऑक्टोबर, म्हणजे ऐन मोसम. दवाखाना उघडाच होता, हे नंतर कळलं.

मग आमची परीक्षा झाली, आणि त्यात आम्ही साफ नापास झालो. गाईड म्हणाला, “आप दोनों भी सिरदर्द लिखवा दो, नहीं तो तीन दिन पैदल उतरना पड़ेगा. एक पैसा नहीं लगेगा, सब इन्शुरन्स देगा.” आपल्याकडे फुकट ते पौष्टिक. माझं डोकं दुखत होतं का? थोडं. रिकाम्या फॉर्मवर सही करण्याइतकं नक्कीच नाही. तरी मी केली, मास्तरने केली. मैत्रीण म्हणाली, मला काही झालेलं नाही, मी नाही येत. सहायक गाईडबरोबर ती पुढे गेली.

सकाळी बँकवाला स्वतःच्या पायांनी हेलिकॉप्टरपर्यंत चालत गेला, व्हिडिओ काढत. कागदावर मात्र त्याला धड उभं राहता येत नव्हतं आणि तो असंबद्ध बडबडत होता. लुकलाला एक परदेशी जोडपं चढलं. काठमांडूत ॲम्ब्युलन्स तयारच होती. रुग्णालयात सलाईन, एक्स-रे, दोन रात्री मुक्काम. पासपोर्ट रिसेप्शनवर जमा.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्या जोडप्याशी बोलताना बिलं शेजारी शेजारी धरली गेली. हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक एकच, वेळ एकच, आणि प्रत्येकाच्या बिलावर अख्ख्या हेलिकॉप्टरचं भाडं: ४,२०० डॉलर. एका उड्डाणाची पाच बिलं.

विमा कंपनीला फोन लावला तर तिथून पहिला प्रश्न: चढण्याआधी आम्हाला का कळवलं नाही? “ऑफिस करेगा” म्हणणाऱ्या गाईडच्या ऑफिसने काही केलेलं नव्हतं. कॅशलेस नामंजूर झालं. रुग्णालयाने हात वर केले, ट्रेकिंग कंपनीने हेलिकॉप्टरवाल्याकडे बोट दाखवलं. दिवसभर वाद घातल्यावर ४,२०० चे दीड हजार झाले. आमच्या मंडईतली भाजीवालीसुद्धा एवढी उतरत नाही. तरी ते दीड हजार डॉलर माणशी कार्डावर गेले, रुग्णालयाचं बिल वेगळं. माझा आणि मास्तरचा क्लेम फेटाळला गेला. तो योग्यच फेटाळला, असं मी मनातल्या मनात मान्य केलं आहे. बँकवाल्याचा अजून लोंबकळतोय.

हा प्रकार नवा नाही, हे घरी येऊन वाचलं. २०१८ मध्ये नेपाळ सरकारनेच चौकशी समिती नेमली होती. बनावट बचाव, एकाच फेरीची अनेक बिलं, रुग्णालयांकडून मिळणारं कमिशन, सगळं बाहेर आलं होतं. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळला कव्हर देणं बंद करू, असा इशारा दिला होता. काही ठिकाणी ट्रेकर आजारी पडावेत म्हणून त्यांच्या जेवणात खाण्याचा सोडा घातल्याच्याही बातम्या होत्या. आमच्या डाळभातात तसलं काही नव्हतं. आम्हाला घाबरवायला एक आकडा पुरला.

कृपा करून याचा उलटा अर्थ काढू नका. बसल्याजागी धाप लागत असेल, सरळ रेषेत पाऊल टाकता येत नसेल, माणूस भलतंच बोलत असेल, तर क्षणभर न थांबता खाली उतरवायचं, आणि हेलिकॉप्टर मिळत असेल तर घ्यायचं. नुसतं डोकेदुखी-मळमळ असेल तर वर चढायचं नाही, तिथेच थांबायचं. वाढलं तर खालच्या गावी, डिंगबोचेहून असेल तर पांगबोचेला, यायचं. आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर गाईडच्या नाही, आपल्या फोनवरून लावायचा.

मैत्रीण आठवड्याने काठमांडूला परतली. डिंगबोचेला तिने हट्टाने एक दिवस जास्त काढला होता. ५,१६४ मीटरवरच्या गोरक्षेपला तिचा आकडा ७६ आला होता. तिने लसणाचं सूप प्यायलं, झोपली आणि सकाळी बेस कॅम्पला जाऊन आली. फोटो दाखवताना ती आम्हाला एक अक्षर बोलली नाही.

मास्तरचे हप्ते अजून चालू आहेत. परवा त्याच कंपनीचा मेसेज आला: अन्नपूर्णा बेस कॅम्प, पुराने ग्राहकों के लिए विशेष छूट, इन्शुरन्स ज़रूर करवाकर आइए.