आंतरराष्ट्रीय परवाना काढून देणारा एजंट: आमचा अनुभव

मुलाला थायलंडमधील चियांग माई येथे भाड्याच्या मोटारसायकलवर फिरायचे होते आणि हाती होता केवळ शिकाऊ परवाना. तरीही सदाशिव पेठेतील एका एजंटाने ‘त्याच्यावरच आंतरराष्ट्रीय परवाना काढून देतो’ असे छातीठोकपणे सांगून चार हजार रुपये आगाऊ घेतले.

संगम पुलाजवळील आरटीओच्या खिडकीवर दोन मिनिटांत खुलासा झाला. हा परवाना पक्क्या परवान्याच्या आधारेच मिळतो, शिकाऊ परवाना देशाबाहेर चालत नाही, आणि पक्क्या परवान्याची चाचणीही शिकाऊ परवान्यानंतर 30 दिवसांनीच देता येते. शासकीय शुल्क 1000 रुपये आहे. उरलेले तीन हजार कशाचे, हे एजंटच जाणे! 1949 च्या जिनिव्हा करारानुसार मिळणाऱ्या या पुस्तिकेत मोटारसायकलच्या ‘ए’ गटापुढे शिक्का नसेल, तर तिकडे दुचाकी चालवताना तिचा उपयोग नाही. अपघात झाल्यास प्रवास विम्याचा दावाही फेटाळला जाऊ शकतो. एजंटाने यातले काहीही सांगितले नव्हते.

पावती नसल्यामुळे तीन हेलपाटे घातल्यावर निम्मीच रक्कम परत मिळाली, तीही सुट्ट्या नोटांत. कार्यालयाचा पंखा तेवढा उत्तम होता.