ट्रेकच्या जेवणासाठी झिपच्या उभ्या पिशव्या : पावसाळाभर वापरल्यानंतर

घरी कोरडा माल भरायचा, मुक्कामाला पिशवीतच उकळतं पाणी ओतायचं आणि पिशवीतूनच खायचं. पन्हाळा-पावनखिंडसारख्या भर पावसातल्या वाटेवर ही पद्धत चांगलीच चालते. पोहे आणि उपमा झकास होतात, खिचडीला घरी कष्ट आहेत, आणि पिठलं पिशवीत करूच नका: कोपऱ्यात बेसनाच्या गुठळ्या बसतात, चमचा तिथवर पोचत नाही.

पिशवी सात बाय दहा इंची, जाड आणि पारदर्शक घ्या. चंदेरी पिशवीत पाणी कुठवर आलं ते दिसत नाही. गरम अन्नाला चालते ना, हे दुकानात विचारून घ्या. पातळ पिशवी उकळत्या पाण्यानं मऊ पडते आणि तळाचा जोड सुटतो.

जाड पोहे मंद आचेवर इतके भाजा की बोटांत चुरडल्यावर भुगा झाला पाहिजे. फोडणीत कढीपत्ता कडक होऊ द्या, मऊ राहिला तर त्याचाच ओलावा सगळ्या मालाला लागतो. लिंबाऐवजी चिमूटभर लिंबूसत्त्व. ८० ग्रॅमला १५० मिली पाणी, झिप लावून सात मिनिटं. उपम्याला ७० ग्रॅम बारीक रवा तुपावर खमंग भाजून, २२० मिली पाणी, दहा मिनिटं. पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा, नाहीतर वाऱ्यात मधला भाग कच्चाच राहतो.

खिचडीला कच्चा तांदूळ चालत नाही. तांदूळ-मूगडाळ पूर्ण शिजवून, पातळ पसरून, दाणे खडखडीत होईपर्यंत वाळवावी लागते. इंद्रायणी चिकटतो, कोलम घ्या. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून अन्न वाळवायचा ड्रायर ६० अंशांवर सात-आठ तास. शिजवताना तेल-तूप अजिबात नको, खवट होतं; तूप वेगळ्या बाटलीत न्या. १०० ग्रॅमला २५० मिली पाणी आणि वीस मिनिटं.

आपला कांदा-लसूण मसाला मात्र मालात मिसळू नका. त्यात तेल आणि सुकं खोबरं असतं, त्यानं पोहे सादळतात आणि वासही लागतो. निघायच्या आदल्या रात्री छोट्या पुडीत बांधा.

बहुतेक पिशव्या बिघडतात त्या झिपमुळे. खाचेत रव्याचा कण अडकला की झिप लागल्यासारखी वाटते, पण हवा आत जातच राहते. कागदाचं नरसाळं करून भरा, कोरड्या फडक्यानं खाच पुसा, आणि झिपच्या वर गरम इस्त्रीची कड कागदावरून फिरवून सील करा. माल पूर्ण निवल्यावर लगेच भरा. श्रावणातल्या हवेत तासभर उघडा राहिला तर पुन्हा भाजावा लागतो.

धुतलेली पिशवी पुन्हा जेवणाला नको, खाचेतली हळद निघत नाही. काडेपेटी कोरडी ठेवायला ती उत्तम.