एका लिटरचे पाकीट : धावायला शिकताना पोट बिघडले तेव्हा ओआरएसने काय केले

औषधाच्या दुकानात पंचवीस रुपयांच्या आत मिळणारे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले ओआरएसचे, म्हणजे जुलाब-उलट्यांत पाण्यात विरघळवून प्यायच्या साखर-क्षारांच्या भुकटीचे, साधे पाकीट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी आलेले असते. तरीही ते नेमके कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे मला वयाच्या ४३ व्या वर्षी, तेही स्वतः आजारी पडल्यावर कळले. त्या आठ-दहा दिवसांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून सहा पाकिटे मी वापरली.

जानेवारीत मी जळगावच्या मेहरूण तलावाकाठी धावायला सुरुवात केली होती. शाळा सुटल्यापासून कधी धावले नसल्यामुळे नवशिक्यांसाठी प्रसिद्ध असलेला ९ आठवड्यांचा कार्यक्रम मी निवडला. त्यात आठवड्यातून तीन दिवस धावायचे असते. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटून पालटून २० मिनिटे करायचे, आणि चौथ्या आठवड्यात ३ आणि ५ मिनिटांचे सलग टप्पे येतात. चौथा आठवडा सुरू असतानाच एका लग्नाच्या हळदीला वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीची पंगत झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून मला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दोष जेवणाचा होता, पाण्याचा होता की आणखी कशाचा, हे ठरवण्याला काही आधार नाही, म्हणून तो मी कोणाला देत नाही. आमच्या डॉक्टरांनी तपासून पोटाचा संसर्ग असल्याचे सांगितले, प्रतिजैविक दिले नाही, पोट एकदम बांधणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका असे बजावले आणि ओआरएस पीत राहायला सांगितले. शौचात रक्त दिसले, ताप चढला, लघवी फार कमी झाली किंवा प्यायलेले पाणीही पोटात ठरेना, तर ताबडतोब या, हेही त्यांनी स्पष्ट केले.

पहिली चूक घरी पोहोचताच झाली. मी अख्खे पाकीट एका पेल्यात कालवले आणि कसेबसे प्यायले. त्याची चव इतकी खारट-गोड होती की पुन्हा उलटी झाली आणि पोट आणखी सुटले. संध्याकाळी धाकट्या जाऊबाई आल्या. त्या त्यांच्या गावी आशा सेविका आहेत. पेला पाहून त्या म्हणाल्या, ‘‘ताई, हे अख्खं पाकीट एका लिटरचं असतं. असं दाट केलं तर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं.’’ त्यांनी उकळून गार केलेले पाणी लिटरच्या बाटलीने मोजून घेतले, त्यात पाकीट विरघळवले आणि मला चमच्या-चमच्याने पाजायला सुरुवात केली. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे, मग पुन्हा पण अधिक सावकाश पाजायचे, असा त्यांचा क्रम होता. रात्री उशिरापर्यंत ते पाणी पोटात राहू लागले आणि पहाटे लघवी झाली, तेव्हा मला धीर आला.

हे पाकीट काम कसे करते, हे कळले की लिटरच्या मापाचा आग्रह का धरायचा हेही उमगते. सध्याच्या सूत्रात, जे २००२ पासून सुचवले जाते, एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे सगळे मिळून २०.५ ग्रॅम. लहान आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी एक वाट असते, आणि जुलाबाच्या आजारातही ती बहुधा शाबूत राहते. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी जाते. साखर फार झाली की हाच हिशेब उलटतो. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून लोकांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. अंथरुणावर पडून मी हे वाचले, आणि त्यानंतर ते खारट पाणी पिताना मी एकदाही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आपुलकीने फळाच्या चवीचे एक तयार पेय आणून दिले. ते चवीला फारच छान होते. मात्र वेष्टनावर छापलेले साखरेचे प्रमाण मी लिटरच्या हिशेबाने काढून पाहिले, तेव्हा ते पाकिटातल्या साखरेच्या कितीतरी पट निघाले आणि सोडियम त्या मानाने नगण्य होते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो, कारण आजारी माणूस घटकांची यादी वाचत बसत नाही, तो नावावर विश्वास ठेवतो.

पाकिटाची खरी उणीव त्याच्या मापात आणि छपाईत आहे. दोन्ही कंपन्यांच्या पाकिटांवर ‘एक लिटर’ ही सूचना बारीक अक्षरांत होती. ती पाकिटावरच्या नावाइतकी मोठी असायला हवी. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे लागते, त्यामुळे जुलाब कमी होत गेले तसे माझे जवळजवळ दोन लिटर पाणी वाया गेले. अर्धे पाकीट अंदाजाने अर्ध्या लिटरात घालणे मला धोक्याचे वाटते, कारण भुकटीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. संत्र्याच्या चवीचे पाकीट साध्यापेक्षा सहज पिता येते, बाकी फरक जाणवला नाही. पाकीट मिळत नसेल, तर एका लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण उपयोगी पडते. त्यात नसलेल्या पोटॅशियमसाठी रावेर-यावलची केळी आपल्या दारातच आहेत. मी तिसऱ्या दिवसापासून मऊ भात, वरणाचे पाणी आणि केळे यांवरच राहिले.

मात्र या पाकिटाकडून जे मागू नये ते मी मागितले. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, तेव्हा पेलाभर ओआरएस पिऊन मी पहाटे तलावावर गेले आणि जिथे कार्यक्रम सोडला होता तिथूनच धावू लागले. दुसऱ्याच मिनिटाला छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला कठड्यावर बसावे लागले. गेलेले पाणी आणि क्षार भरून निघाले होते, पण चार दिवसांचे न जेवलेले अन्न आणि न मिळालेली झोप यांची भरपाई कोणतेही पाकीट करत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी नेहमीचे जेवण पूर्ण दोन दिवस नीट पचेपर्यंत थांबले, पुढचे तीन दिवस फक्त चालले आणि मग कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा धरला. पाचव्या आठवड्यात पोहोचेपर्यंत मार्च उजाडला होता आणि जळगावचे ऊन सातलाच लागू लागले होते, म्हणून आता मी सहापूर्वी बाहेर पडते.

धावून आल्यावर रोज ओआरएस घ्यावे का, असे तलावावरच्या एक-दोघींनी विचारले. अर्ध्या तासाच्या धावण्यासाठी साधे पाणी पुरते. तयार केलेल्या एका लिटरात साधारण १.७ ग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात २ ग्रॅमहून कमी सोडियम घ्यायला सांगते. पापड, लोणचे आणि शेवभाजी असलेल्या आपल्या ताटात ते आधीच भरपूर असते, त्यामुळे रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर ओआरएस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

माझ्या औषधांच्या खणात आता साधी दोन पाकिटे आणि त्यांच्याशेजारी लिटरची खूण केलेली एक रिकामी बाटली ठेवलेली आहे. खूण जाऊबाईंनीच लाल नेलपॉलिशने करून दिली.