आधी मिळेल ते काम, की आपल्याच कामासाठी थांबायचं?

दोन बॅगा आणि मोजके पैसे घेऊन नव्या देशात उतरलेल्या माणसापुढे पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येतो. गोदाम, साफसफाई, डिलिव्हरी, जे मिळेल ते धरायचं, की ज्याचं शिक्षण घेतलं त्याच कामाची वाट पाहायची? सल्ले दोन्हीकडून मिळतात. पण तुमच्याकडे किती महिन्यांचं भाडं आहे आणि तुमच्या पेशाला तिथे परवाना लागतो का, हे विचारल्याशिवाय दिलेला सल्ला ऐकू नका.

आधी पैशाचं बघू. हातातल्या रकमेतून घराची अनामत आणि अडीअडचणीसाठी एक महिन्याचा खर्च वजा करा. उरलेल्यात तीन महिने निघत नसतील, तर थांबण्याचा पर्याय तुमच्यासाठी नाहीच. पहिला पगारही काम सुरू केल्यावर बहुधा महिनाभराने हातात येतो, तेवढे दिवस धरून चाला.

साध्या कामाचा एक फायदा बाहेरून दिसत नाही, तो म्हणजे पगाराची पावती. जुन्या देशातला तुमचा कर्जफेडीचा चांगला इतिहास इथे सहसा कुणी पाहत नाही. घरमालक पावती मागतो, आणि ती नसेल तर जामीनदार किंवा काही महिन्यांचं आगाऊ भाडं. थांबणाऱ्याला ही अडचण रोज भेडसावते. म्हणूनच रोखीने, कागदाशिवाय मिळणारं काम मी यात धरतच नाही. त्यात पावती नाही, इजा झाली तर विम्याचा आधार नाही, आणि परवानगीबाहेरचं काम असेल तर राहण्याचा हक्कच धोक्यात येतो.

आता किंमत. साध्या कामात प्रतिष्ठा जाते असं लोक म्हणतात. मला त्याहून जास्त काळजी संध्याकाळची वाटते. पाळी दर आठवड्याला बदलली की भाषेचा वर्ग सुटतो, मुलाखतीला जाता येत नाही, अर्ज लिहायला बसलं की डोळे मिटतात. थोडा कमी पगार चालेल, पण ठरावीक पाळी मागून घ्या. भाषा कच्ची असेल तर जिथे माणसांशी बोलावं लागतं ते काम निवडा. रात्री गोदामात खोकी उचलताना चार शब्दांपलीकडे काही कानावर पडत नाही.

थांबण्याच्या बाजूने खरं बळ आहे ते परवाना न लागणाऱ्या कामांत: सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेबाची बरीच कामं. तिथे मालक तुमचं काम पाहून घेऊ शकतो, त्यामुळे दोन-तीन महिने पूर्ण वेळ अर्ज करणं फळतं. शिवाय आपल्या क्षेत्रापासून फार दूर राहिलं की ‘मधली दोन वर्षं काय करत होता?’ हा प्रश्न जड जातो. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, वकील यांचं मात्र वेगळं. पदवीची पडताळणी, प्रमाणित भाषांतर, भाषेची परीक्षा, कधी देखरेखीखालचा सराव, यात महिनोन्‌महिने जातात. त्यांनी बिनपगारी थांबू नये. नोंदणीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा आणि मग काम शोधावं. नर्सला वृद्धाश्रमात मदतनीसाचं काम मिळालं, तर तिथली औषधांची नावं आणि नोंदी लिहायची पद्धत आयतीच शिकायला मिळते.

काहीही निवडलंत तरी घरात बसू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेल्या आकडेवारीत, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून समजली. गोदामातल्या माणसाची ओळख गोदामातच वाढते, थांबलेल्याची कुठेच नाही. महिन्यातून एकदा तरी आपल्या पेशातल्या लोकांत जाऊन बसावंच लागतं.

नवरा-बायको दोघं असतील तर एकाने मिळेल ते काम धरायचं आणि दुसऱ्याने थांबायचं, हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पण त्यात एक अन्याय सहज घडतो. आधी काम धरलेला माणूस, आणि बरेचदा ती बायकोच असते, तिथेच राहून जातो. दुसऱ्याची नोकरी लागल्यावर किती महिन्यांत हिने काम सोडून आपला अभ्यास सुरू करायचा, ती तारीख पहिल्या पाळीला जाण्याआधीच दोघांनी बसून कागदावर लिहावी.