जुन्या व्हीएमसीला पेनड्राइव्हवाला डीएनसी डबा लावला, त्याचे आठ महिने

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे. ठिबकच्या फिटिंगचे मोल्ड, पाइपवाल्यांच्या डाय, असं काम. मशिनं दोन, दोन्ही सेकंडहँड, दोन्हींचा कंट्रोल (मशिनचा मेंदू) फॅनुक कंपनीचा: झिरो-एमची व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं उभं मिलिंग मशिन) आणि झिरो-टीची लेथ. व्हीएमसीची मेमरी 120 मीटर. हो, मीटर, कारण हिशोब अजून कागदी टेपचाच. म्हणजे जेमतेम 48 केबी. मोल्डच्या फिनिशिंगचा प्रोग्राम तीन एमबीच्या खाली येत नाही, त्यामुळे कटिंग चालू असताना ओळ न् ओळ बाहेरून पाजत राहावी लागते; यालाच डीएनसी म्हणतात. हे काम एक म्हातारा डेस्कटॉप करायचा, कारण त्याला खरा सिरियल पोर्ट होता. दिवाळीच्या तोंडावर तो गेला.

आधी स्वस्तात सुटू म्हणून लॅपटॉपला यूएसबी-सिरियल वायर लावली. लेथला चालली. व्हीएमसीवर दर दहा-पंधरा मिनिटांनी 087 अलार्म, म्हणजे बफर (आलेल्या ओळी तात्पुरत्या ठेवायची जागा) ओसंडला. बफर भरला की कंट्रोल 'थांब' अशी खूण पाठवतो आणि त्यानंतर फार तर दहा अक्षरं पोटात घेतो. वायरीत आधीच भरून ठेवलेला माल मात्र ओघळतच राहतो. मग हा डबा घेतला. पेनड्राइव्ह खुपसायचा, फाइल निवडायची, मशिन डीएनसी मोडला टाकून सायकल स्टार्ट. 087 पुन्हा दिसला नाही. माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

पण विकणाऱ्याचं 'लावा आणि चालू' काही खरं नाही. सोबत आलेल्या केबलीत 25 च्या 25 पिना सरळ जोडलेल्या. फॅनुकच्या सॉकेटात 25 नंबरच्या पिनेवर 24 व्होल्ट असतात! आधी मल्टीमीटर लावायची खोड होती म्हणून डबा वाचला. शेवटी वायरमनकडून स्वतः केबल करून घेतली: 2 आणि 3 उलटसुलट, 7 ग्राउंड, मशिनच्या टोकाला 4-5 एकत्र आणि 6-8-20 एकत्र. सेटिंग 9600, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप. यातलं काही चुकलं की 085 अलार्म (कम्युनिकेशन एरर) आलाच.

वेगाची फार आशा धरू नका. या सेटिंगला एका अक्षरामागे 11 बिट जातात, म्हणजे सेकंदाला साधारण 870 अक्षरं. ओळ वीस अक्षरांची धरली तर 43 ओळी. कॅमने (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दर 0.1 मिमीवर पॉइंट टाकला असेल तर मिनिटाला 260 मिमीच्या वर फीड (टूल सरकायचा वेग) मिळतच नाही, मग प्रोग्राममध्ये एफ 1000 लिहा नाहीतर 2000. टूल थबकत चालतं, मोल्डवर बारीक खुणा उमटतात आणि पॉलिशवाला आपल्या नावाने शंख करतो. आम्ही कॅममध्ये टॉलरन्स जरा सैल केला, आर्क फिटिंग (बारीक सरळ तुकड्यांच्या जागी एकच कमान) चालू केलं. ओळी निम्म्याहून कमी झाल्या.

खरी तक्रार 'मधून सुरू करा' या सोयीबद्दल आहे. मे महिन्यात रात्री लाइट गेली, टूल जॉबमध्येच. लाइट आल्यावर झिरो रिटर्न घेतलं, डब्यात ओळ नंबर टाकला, स्टार्ट दिला. तेवढ्यात भाचा ओरडला, "भो, स्पिंडल फिरी नही ऱ्हायना!" डबा त्या ओळीपासून पुढचंच पाठवतो, वरचा स्पिंडलचा आणि टूल लेंग्थचा कोड त्याच्या हिशोबी झालेला. फीडचा नॉब शून्यावर होता, नाहीतर दहाचा बॉलनोज कटर गेलाच होता. आता फाइल कॉम्प्युटरवर कापतो, डोक्यावर सगळा कोड हाताने लिहितो आणि मगच पेनड्राइव्ह.

दुसरी गंमत भाच्याचीच. त्याने एका प्रोग्राममध्ये कंसात जॉबचं नाव देवनागरीत लिहिलं, 'व्हॉल्व्ह'. प्रोग्राम दरवेळी त्या नावाशीच संपायचा, अलार्मसुद्धा नाही. अर्धा दिवस गेला. निघालं असं की आपल्या पाय मोडण्याच्या चिन्हातला एक बाइट, सात बिटांच्या लाइनवर आठवा बिट गळाला की, नेमका '%' होतो. कंट्रोलला वाटतं, टेप संपली. चूक डब्याची नाही, पण माहितीपत्रकात एक ओळ टाकायला काय जात होतं?

आपल्याकडचा उन्हाळा 45 च्या वर. दुपारी डब्याचा स्क्रीन काळा पडायचा, फाइल अंदाजाने निवडावी लागायची. मशिनच्या पॅनेलवरून काढून भिंतीकडच्या सावलीला टांगला, तेव्हापासून दिसतो.

लेथला दुसरा डबा घ्या म्हणून विकणाऱ्याचा महिन्याला फोन येतो. तिथले प्रोग्राम दोन-दोन केबीचे. ती जुनी यूएसबी वायर तिथे अजून मजेत चालतेय.